हाय स्कोरवाले साधे गेम इतके का चिकटतात, आणि त्यांचं घोडं अडतं कुठे

१९७२ साली अटारी कंपनीनं 'पाँग' नावाचं मशीन काढलं. त्यावर खेळायच्या सूचना तीनच होत्या. नाणं टाका, बॉल आपोआप येईल, आणि हाय स्कोर हवा असेल तर बॉल सोडू नका. झालं. याच लोकांनी आदल्या वर्षी 'कम्प्युटर स्पेस' म्हणून एक गेम काढलेला, त्यात रॉकेट फिरवा, जोर द्या, गोळी मारा अशी बरीच भानगड होती आणि बारमध्ये बियर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ती वाचत बसायची हौस नव्हती, त्यामुळे तो काही फार चालला नाही. पाँग मात्र कॅलिफोर्नियात सनीवेलच्या एका बारमध्ये ठेवला आणि थोड्याच दिवसात मशीन बंद पडल्याची तक्रार आली. उघडून बघतात तर नाण्यांचा डबा गच्च भरलेला, म्हणून मशीन अडलेलं.

ती जी तिसरी सूचना आहे ना, बॉल सोडू नका, तिच्यातच पुढच्या पन्नास वर्षांचा सगळा मामला आलाय. स्पेस इन्व्हेडर्स, अ‍ॅस्टरॉइड्स, पॅकमॅन, टेट्रिस, नोकियावरचा साप, फ्लॅपी बर्ड, क्रोमचा डायनासोर, कुठलाही घ्या. स्टोरी नाही, शेवट नाही, आणि नीट बघितलं तर जिंकणं हा प्रकारच नाही. हरायचं तर आहेच, फक्त किती उशिरा हरायचं एवढंच आपल्या हातात, आणि तो उशीर मोजायचं मीटर म्हणजे स्कोर. एवढं एकदा लक्षात आलं की हे गेम का चिकटतात तेही कळतं आणि कुठे जाऊन कंटाळवाणे होतात तेही.

मुळात हे असं का केलं, तर धंदा. एका नाण्यात पोरगं तासभर खेळत बसलं तर मालकाचं नुकसान, आणि दहा सेकंदात आउट झालं तर ते पुन्हा त्या मशीनकडे फिरकणार नाही. म्हणजे गेम असा पाहिजे की पहिल्या मिनिटात जमतंय असं वाटावं आणि मग हळूहळू तोंडचं पाणी पळावं. आपल्याकडे एसटी स्टँडजवळ, जत्रेत, बाजारपेठेतल्या गाळ्यात जे व्हिडिओ गेम पार्लर होते त्यांचं गणित अगदी हेच होतं, नाणं संपलं की उठ, मागे पोरं उभी आहेत.

आता ही वाढती अवघडाई कशी आणायची, याचा सगळ्यात भारी किस्सा स्पेस इन्व्हेडर्सचा. १९७८, जपानची टायटो कंपनी, बनवणारा तोमोहिरो निशिकादो. वरून एलियन्सची फौज खाली उतरते, ११ च्या ५ रांगा म्हणजे ५५ एलियन, आणि आपण खालून गोळ्या मारायच्या. त्यातला प्रोसेसर आजच्या मानानं इतका अशक्त होता की तो पंचावन्नच्या पंचावन्न एका झटक्यात हलवूच शकायचा नाही, म्हणून स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नवीन चितारली जायची आणि दर वेळी एकच एलियन पुढे सरकायचा. म्हणजे अख्ख्या फौजेचं एक पाऊल पडायला जवळजवळ एक सेकंद. पण तुम्ही अर्धे मारले की उरलेल्यांची पाळी दुप्पट लवकर येते, आणि शेवटचा एकच उरला की दर वेळी त्याचीच पाळी, मग तो पिसाळल्यासारखा पळतो. म्हणजे तुम्ही जितकं चांगलं खेळाल तितका गेम अंगावर येणार. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं, हार्डवेअरची मर्यादा होती. निशिकादोनं ते बघितलं, त्याला ते आवडलं आणि त्यानं तसंच राहू दिलं. सोबत चार सुरांची धडधड, तीही वाढत जाणारी. बस, सूत्र सापडलं.

वरच्या बाजूला हाय स्कोरचा आकडाही होता. त्याआधी १९७६ च्या 'सी वुल्फ'मध्येही होता, पण तो लोकांच्या डोक्यात बसला इन्व्हेडर्समुळे. मग १९७९ ला अ‍ॅस्टरॉइड्समध्ये पहिल्या दहा स्कोरची पाटी आली, आणि शेजारी आपल्या नावाची तीन अक्षरं टाकायची सोय. आता तुम्ही मशीनशी नाही तर तिथे येऊन गेलेल्या आणि कधीच न भेटलेल्या कुठल्यातरी पोराशी खेळताय, त्याची तीन अक्षरं वर आहेत आणि ती खाली ढकलायचीत. गंमत म्हणजे अशा बऱ्याच मशीनमध्ये स्कोर साठवून ठेवायची सोयच नव्हती, वीज गेली की पाटी कोरी. आपल्याकडे लोडशेडिंगच्या काळात अशा मशीनवरचा रेकॉर्ड किती टिकला असता ते सांगायलाच नको.

बरं, चिकटतात का? पहिलं म्हणजे नियम कळायला वेळ लागत नाही. दुसरं, हरलो तर का हरलो ते डोळ्यासमोर दिसतं आणि चूक आपलीच असते, टीममेटला किंवा अंपायरला नावं ठेवता येत नाहीत. तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, हरल्यावर परत सुरू करायला काही सेकंद पुरतात, म्हणजे 'अरे थोडक्यात गेलं' ही चिडचिड अजून गरम असतानाच पुढचा डाव चालू झालेला असतो. विचार करायला वेळच मिळत नाही. आणि चौथी गोष्ट आकड्यांमध्ये दडलेली आहे, ती जरा सावकाश बघू, कारण खरी मेख तिथेच आहे.

फ्लॅपी बर्ड घ्या. व्हिएतनाममधल्या हनोईच्या डाँग गुयेननं २०१३ मध्ये हा गेम टाकला, २०१४ च्या सुरुवातीला जगभर त्याचं वेड पसरलं, आणि फेब्रुवारीत त्यानं स्वतःच तो काढून टाकला, लोक फार आहारी जातायत म्हणून. स्क्रीनवर टॅप केलं की पक्षी उडी मारतो, दोन पाइपांच्या मधून पार व्हायचं, एक पाइप एक पॉइंट. गणित करायला यापेक्षा सोपा गेम नाही.

समजा तुम्ही १०० पैकी ९० पाइप पार करता, म्हणजे दर पाइपला चुकायची शक्यता १० टक्के. तर तुमचा सरासरी स्कोर येतो ९. आता थोडा हात बसला, चूक ५ टक्क्यांवर आली. सरासरी स्कोर होतो १९. चूक निम्मी झाली की स्कोर दुप्पट! आणि चूक १ टक्क्यावर आणली तर ९९. बघा म्हणजे, ९५ वरून ९९ टक्के ही सुधारणा ऐकायला किती किरकोळ आहे, परीक्षेत चार मार्क वाढले तर घरी कुणी पेढे वाटणार नाही, पण इथे स्कोर पाचपट होतो. हाताला एवढासा फरक पडतो आणि स्क्रीनवर तो एवढा मोठा होऊन दिसतो. आपण भराभर शिकतोय, आपण भारी आहोत, हे जे वाटतं ना ते इथून येतं. खोटं नाहीये ते, पण फुगवलेलं आहे.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र जरा नागडी आहे. ५ टक्के चुकणाऱ्याचा सरासरी स्कोर १९ असला तरी शंभरातला एखादा डाव त्याचा नुसत्या नशिबानं ९० पर्यंत जातो. म्हणजे तो शंभर डाव खेळला की त्याचा हाय स्कोर साधारण ९० दिसणार. त्याच्याइतकंच खेळणारा त्याचा मित्र दहाच डाव खेळला तर त्याचा हाय स्कोर असेल ४५ च्या आसपास. दोघांचा हात सेम, पाटीवर मात्र एक दुसऱ्याच्या दुप्पट. तर हाय स्कोर हा जितका तुमच्या हाताचा आकडा आहे तितकाच तुम्ही किती वेळ घालवला त्याचाही आहे. खरंच सुधारणा होतेय का बघायची असेल तर बेस्टकडे बघू नका, शेवटच्या वीसेक डावांची सरासरी काढा. पण असले गेम सहसा ती दाखवत नाहीत, कारण सरासरी बघून कुणाला 'अजून एकदा' वाटत नाही आणि बेस्ट बघून हमखास वाटतं. (खऱ्या खेळात चूक अशी एकसारखी राहत नाही हे मान्य, रेकॉर्डच्या जवळ आलं की हात थरथरतोच, पण हिशोबाचा ढाचा हाच राहतो.)

आता घोडं कुठे अडतं ते बघू. एक तर मशीनच थांबतं. पॅकमॅन, १९८०, नामको कंपनी, तोरू इवातानी. या गेमला शेवट ठेवलेलाच नव्हता, कारण इतक्या पुढे कोण जाणार असं बनवणाऱ्यांना वाटलं. पण त्या जुन्या चिपमध्ये लेव्हलचा आकडा ज्या खणात ठेवलेला त्यात ० ते २५५ एवढंच मावतं. २५६ वी लेव्हल आली की हिशोब उलटतो, खालच्या बाजूला फळांची चित्रं काढणारा कोड भरकटतो आणि स्क्रीनचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि ठिपक्यांच्या कचऱ्यानं भरून जातो. एक लेव्हल संपवायला २४४ दाणे खावे लागतात, तेवढे तिथे उरतच नाहीत. खेळ खल्लास. त्यामुळे पॅकमॅनला चक्क पैकीच्या पैकी मार्क आहेत, ३३,३३,३६०, त्याच्यावर कुणाला जाताच येत नाही. डाँकी काँगचंही तसंच, तिथे २२ व्या लेव्हलला वेळेचा हिशोब २६० येतो, खणात मावतात ० ते २५५ असे २५६ आकडे, म्हणजे २६० मधून २५६ गेले की उरतात ४, आणि एवढ्या वेळात वर पोचणं शक्यच नसतं.

पण पॅकमॅनची खरी मर्यादा २५६ च्या खूप आधी येते असं मला वाटतं. एकविसाव्या लेव्हलनंतर गेम बदलतच नाही, तिथून २५५ पर्यंत सगळं सेम टू सेम, भुतं निळीसुद्धा होत नाहीत. वर ती चार भुतं जी आपला पाठलाग करतात ती पक्क्या नियमांनी चालतात, लाल थेट अंगावर येतं, गुलाबी तुमच्या तोंडासमोर चार घरं पुढे नेम धरतं, वगैरे. नशिबाचा भाग जवळपास नाहीच. म्हणजे जॉयस्टिक दर वेळी अगदी तशीच आणि त्याच क्षणी हलवली तर भुतंही दर वेळी अगदी तशीच धावणार. हे लोकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी रस्ते पाठ केले. कुठल्या वळणावर वर, कुठे खाली, सगळं पाठ. मग उरतं काय, तर तेच पाठांतर न चुकता तासन् तास करत राहणं. जमायला अवघड आहेच, पण सुरुवातीला जो पळापळीचा खेळ होता तो कुठेतरी हरवला.

नोकियावरच्या सापाला तर याहून सरळ उत्तर आहे. १९९७ ला फिनलंडच्या तानेली अरमांतोनं तो ६११० मॉडेलसाठी बनवला, आणि आपल्याकडे ३३१० किंवा ११०० ज्यांच्या घरात होता त्यांनी त्याची पुढची आवृत्ती हमखास खेळलीये, शक्यतो काकाच्या किंवा दादाच्या फोनवर, बॅटरी संपवून शिव्या खाईपर्यंत. साप लांब झाला की भल्याभल्यांची धांदल उडते, पण शेतात नांगर फिरवावा तसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग वळून शेजारच्या ओळीला, असं साप फिरवत राहिलं आणि परतायला कडेची एक पट्टी मोकळी ठेवली तर तो स्वतःला चावूच शकत नाही. फळ कुठेही येऊ दे, फेरी पूर्ण होईपर्यंत तोंडात येतंच. सोपं आहे, आणि मरणाचं कंटाळवाणं. ही युक्ती माहीत असूनही कुणी तसं खेळत नाही, सगळे फळाकडे सरळ धाव घेतात आणि अडकतात. म्हणजे आपल्याला स्कोर हवा असतो असं आपण म्हणतो खरं, पण नुसता स्कोर नको असतो.

तिसरी अडचण माणसाच्या शरीराची. टेट्रिसची १९८९ सालची निन्टेंडोवरची आवृत्ती आहे, तिच्यात २९ व्या लेव्हलला ठोकळा २० ओळींची उंची सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात उतरतो. बटण दाबून धरलं तर ठोकळा कडेपर्यंत सरकण्याआधीच खाली पोचलेला असतो, म्हणून कित्येक वर्षं २९ म्हणजे शेवट असंच सगळे धरून चालले होते. मग काही जणांनी बटण दाबून धरायच्या ऐवजी भराभर टॅप करायला सुरुवात केली, आणि नंतर २०२० च्या आसपास एक अफलातून पद्धत आली, अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि कंट्रोलरच्या पाठीमागून बाकीच्या बोटांनी तबला वाजवल्यासारखं ठोकायचं. प्रत्येक बोटाची एक थाप म्हणजे एक टॅप. २९ ची भिंत कोसळली ती कोसळलीच. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातला १३ वर्षांचा विलिस गिब्सन १५७ व्या लेव्हलला पोचला आणि तिथे गेमच गोठला, कारण मार्कांचा हिशोब करायलाच त्या बिचाऱ्या मशीनला वेळ पुरेना. बनवणाऱ्यांनी ६ आकड्यांच्या पुढे स्कोर जाईल असं धरलंच नव्हतं, ९,९९,९९९ ला काटा थांबतो.

अ‍ॅस्टरॉइड्समध्ये, म्हणजे अवकाशात यान फिरवून दगड फोडायच्या त्या गेममध्ये, शरीराची परीक्षा वेगळी. दर १०,००० पॉइंटला एक जादा यान मिळतं, म्हणजे हात बसलेला खेळाडू मरतच नाही, यानं साठत जातात. १९८२ साली अमेरिकेत स्कॉट सफ्रान नावाच्या पोरानं ४,१३,३६,४४० चा स्कोर केला, दोन दिवसांहून जास्त वेळ सलग खेळून, आणि तो रेकॉर्ड मोडायला २०१० उजाडलं. अशा मॅरेथॉनमध्ये बाथरूमला कसं जायचं? तर भरपूर यानं साठवून ठेवायची, आणि जाऊन येईपर्यंत ती मरू द्यायची. एवढ्या पुढे गेल्यावर खेळ कौशल्याचा राहिला की झोपेचा, हे तुम्हीच ठरवा.

आणि याच गेममध्ये चौथी भानगड सापडली, जी मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. बनवणाऱ्यांची कल्पना अशी की खेळाडू यान फिरवत दगड फोडत सुटेल. पण मधेच येणाऱ्या छोट्या उडत्या तबकडीला १,००० पॉइंट होते आणि दगडाला त्यामानानं चिल्लर. मग लोकांनी काय करावं, एक-दोन दगड मुद्दाम शिल्लक ठेवायचे म्हणजे लेव्हल संपत नाही, आणि कडेला दबा धरून बसायचं, तबकडी आली की उडवायची, परत दबा. पार्लरवाले वैतागले, कारण एकाच नाण्यावर माणूस हलायचं नाव घेईना. पुढच्या 'अ‍ॅस्टरॉइड्स डिलक्स'मध्ये तबकडीला हुशार करून अटारीनं ही पळवाट बंद करायचा प्रयत्न केला.

यात खेळाडूंची काय चूक? पॉइंट कशाला द्यायचे ते कंपनीनंच ठरवलं होतं, लोकांनी फक्त तो हिशोब नीट वाचला. हेच २०१६ मध्ये कम्प्युटरनं करून दाखवलं. ओपनएआयच्या लोकांनी 'कोस्ट रनर्स' नावाच्या बोटींच्या शर्यतीत एआयला सोडलं आणि सांगितलं, स्कोर वाढव. शर्यत पूर्ण कर असं वेगळं सांगितलं नाही, कारण ते उघडच आहे असं वाटलं. त्या एआयला एका खाडीत तीन बक्षिसं पुन्हा पुन्हा उगवतात हे कळलं, आणि बोट तिथेच गोल गोल फिरत राहिली, दुसऱ्या बोटींवर आदळत, पेट घेत, उलट्या दिशेनं जात. शर्यत संपवलीच नाही, आणि स्कोर माणसांपेक्षा साधारण २० टक्के जास्त! उलट 'माँटेझुमाज रिव्हेंज'सारख्या गेममध्ये पहिला पॉइंट मिळायच्या आधी किल्ली शोधायला बरीच खटपट करावी लागते, तिथे गुगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीचा २०१५ चा गाजलेला प्रोग्रॅम शून्यावर बसला, कारण आकडा हललाच नाही तर त्याला शिकायला काही मिळेना. माणूस तिथे शिडी दिसली की चढून बघतो, किल्ली दिसली की उचलतो, पॉइंट मिळो न मिळो.

मोबाइलवर आल्यावर या गेमांचं आणखी एक झालं. सबवे सर्फर्स, २०१२ चा, ट्रेनच्या रुळांवरून पळणारा, मधे त्यांची मुंबईवालीही आवृत्ती येऊन गेली. खेळायला मस्तच आहे, पण त्यात आपटल्यावर किल्ली वापरून तिथूनच परत उठता येतं आणि किल्ल्या पैसे देऊन विकत मिळतात. शिवाय जुन्या खेळाडूचा गुणक वाढलेला असतो, म्हणजे तोच रस्ता तेवढाच पळाला तरी नवीन पोराला कमी आणि जुन्याला कितीतरी जास्त. हाय स्कोरची सगळी मजा 'एक डाव, सगळ्यांना सारखा' यावर उभी होती, ते काढून घेतल्यावर आकडा मोठा झाला पण त्याला अर्थ राहिला नाही. धंदा म्हणून बरोबरच आहे म्हणा, पार्लरमध्ये प्रत्येक डावाला नाणं पडायचं, इथे गेम फुकट आहे तर पैसे कुठूनतरी काढणारच की.

त्यामानानं नेट गेल्यावर क्रोममध्ये येतो तो डायनासोर अजून जुन्या वळणाचा आहे. २०१४ पासून आहे, ना किल्ल्या, ना नाणी, ना जाहिराती, निवडुंग आला की उडी मारा, वरून पक्षी आला की वाका, वेग वाढत जातो आणि मग एका मर्यादेला थांबतो. तो सरळ खेळत राहिलं तर १ कोटी ७० लाख वर्षं चालेल असं बनवणाऱ्यांनी गमतीत सांगितलं होतं.